श्वाससुद्धा जपून



आजचं चिंतन ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातल्या अहिंसेवर. अहिंसक माणूस कसा असतो, हे सांगताना माउली आधी त्याचं चालणं सांगतात. पायाखाली जीव चिरडू नये म्हणून तो जपून पाऊल टाकतो. पुढे तर त्याचा श्वाससुद्धा हळुवार असतो, असं म्हणतात.

कॉलेजात वाचलं तेव्हा वाटलं, ही कविकल्पना. अर्थ कळला एप्रिल २०२१मध्ये, निफाडला.

त्याच्या आदल्या वर्षी मार्चअखेर नाशिक जिल्ह्यातला कोरोनाचा पहिला रुग्ण आमच्याच तालुक्यात, लासलगावजवळ सापडला होता. आषाढीला निवृत्तिनाथांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि आयुष्यभर पायी वारी केलेली आमची आजी घरी बसून हरिपाठ म्हणत राहिली.

दुसऱ्या लाटेत मी पुण्याहून घरी निघालो. चांदोरीजवळ रूममेटचा मेसेज आला: 'पॉझिटिव्ह.' मला ना ताप, ना खोकला. खरं सांगतो, मनात आलं, घरी सांगायचंच कशाला? आजी ओट्यावर वाट बघत बसली होती.

अंगणातच थांबलो आणि सांगून टाकलं. आजी क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "लांबूनच पाया पड. गर्दीत आम्ही पण कळसाचंच दर्शन घेतो."

मी मळ्यातल्या खोलीत राहिलो. तिसऱ्या दिवशी ताप चढला. आजीपर्यंत मात्र तो पोचला नाही.

लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस संसर्ग पसरवू शकतो. आमच्या कामाच्या भाषेत, एरर दिसली नाही म्हणजे बग नाही, असं नसतं!

'देव राखेल' म्हणून बेफिकीर राहणं ही श्रद्धा नव्हे. समोरच्यातही तोच विठ्ठल असेल, तर त्याला राखायचं काम आपल्याकडेही येतं. म्हणून साथ असेल तेव्हा:

अंगात कणकण असेल तर कीर्तन घरूनच ऐका. गर्दीत नाक-तोंड झाकणारा मास्क लावा. भजनाला बसताना खिडक्या उघड्या ठेवा. सावकाश नामजप करत निदान २० सेकंद साबणाने हात धुवा. कोरोना आणि फ्लूच्या विषाणूंवरचं चरबीचं आवरण साबणाने फुटतं. लस वेळेवर घ्या.

यातलं काहीच कठीण नाही. कठीण असतं ते दारात थांबणं, आपलं माणूस समोर असताना. त्या दिवशी माझी अहिंसा तेवढीच होती.

राम कृष्ण हरी.