असता तर ऐकू आलं असतं

वेदान्तपरिभाषेतलं सहावं प्रमाण, अनुपलब्धी, शिकवताना मी वर्गाच्या कोपऱ्यातला माठ बाहेर ठेवायला लावत असे. माठ दिसत नाही, म्हणून इथे माठ नाही. मग खिडक्या लावून घ्यायच्या. अंधारातही माठ दिसत नाही, पण त्या न दिसण्याला किंमत शून्य. असता तर दिसलाच असता, ही खात्री आधी हवी.

याहून चांगलं उदाहरण मिळालं ते निवृत्तीनंतर, आणि तेही इटलीतलं. १७ ऑगस्ट २०१७. तेरा-चौदा कोटी प्रकाशवर्षांवर आदळलेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर पोचल्या. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन्ही वेधशाळांत खूण ठळक उमटली. १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गॅमा किरण टिपले. पिसाजवळच्या व्हर्गोत मात्र जवळजवळ काहीच नाही. बिघाड म्हणावा, तर तीनच दिवसांपूर्वी त्याने दोन कृष्णविवरांची टक्कर ऐकली होती. हे यंत्र काटकोनातल्या दोन भुजांच्या लांबीतला फरक मोजतं. काही दिशांनी आलेली लहर दोन्ही भुजांना सारखीच ताणते, ती त्याला कळत नाही. म्हणजे तारे तशाच एका बहिऱ्या दिशेला असणार! शोधायचं आकाश १९० चौरस अंशांवरून सुमारे ३० वर आलं. अकरा तासांच्या आत चिलीतल्या एक मीटरच्या स्वोप दुर्बिणीला वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका सापडला. आधी निळसर, काही दिवसांत तांबडा.

हे मी अण्णांना मोठ्या हौसेने सांगितलं. त्यांची धाकटी लेक गेली तेव्हा त्यांनी देवघराला कडी घातली, ती कायमची. "इतक्या हाका मारल्या. कुणी असता तर ओ दिली असती." मी म्हटलं, अण्णा, आपलाच कान त्या दिशेला बहिरा असेल.

ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "तुझ्या यंत्राने तीन दिवस आधी ऐकलं होतं. कान चालतो हे ठाऊक होतं. मी जन्मात एकदाही ऐकलेलं नाही. मग माझ्या न ऐकण्यावरून तो नाही, हे ठरत नाही. कबूल. पण आहे, हे तरी तू कशावरून म्हणतोस?"

मी विषय बदलला. आपल्या औंढा नागनाथच्या परिसरातही लायगोची वेधशाळा व्हायची आहे, म्हटलं. तिचा कान कोणत्या दिशांना बहिरा असेल, हे भिंत उभी राहण्याआधीच गणिताने काढता येतं.

"आणि माझा?" अण्णांनी विचारलं.