आठ फुटांचं पान

२०२५च्या जुलैत भाचा पुण्याहून चार दिवस राहायला आला आणि चारही दिवस पाऊस उघडला नाही. शाहूवाडी तालुक्यात याचं कुणाला नवल नाही. आंब्याकडून ढग एकदा खाली उतरले की मलकापूरची पेठ, कडवीचं पात्र आणि समोरचा डोंगर सगळं एकाच राखी रंगात बुडतं. वीज जाते, भिंतींना ओल येते, काड्यापेटी चुलीजवळ ठेवावी लागते. दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलची बॅटरी संपली तेव्हा भाच्याने पाठपिशवीतून एक जाड डबी काढली. आत शंभर पत्ते होते. प्रत्येक पान आपापल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत, भाच्याच्या भाषेत स्लीव्हमध्ये. एक पान मात्र वेगळं, कडक पारदर्शक चौकटीत, देव्हाऱ्यातल्या टाकासारखं जपलेलं.

"हे का बाजूला?"

"हे खेळता येत नाही मामा. बॅन आहे."

पान होतं माना क्रिप्ट. खेळ 'मॅजिक : द गॅदरिंग', रिचर्ड गारफिल्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९९३मध्ये काढलेला. या खेळात सगळ्यांचा मिळून एकच कॅट नसतो. प्रत्येकाने हजारो पानांतून निवडून, विकत घेऊन, अदलाबदल करून आपला कॅट बांधायचा. पान टाकायला जे बळ खर्च करावं लागतं त्याला माना म्हणतात. माना क्रिप्ट फुकट टाकता येतं आणि दर फेरीला दोन माना देतं. बदल्यात दर फेरीला नाणं उडवायचं, कौल चुकला तर तीन गुणांचा फटका. चाळीस गुण घेऊन बसलेल्या माणसाला तीनाचं काय? बाकीचे तिघे पहिली पायरी चढत असताना हा माडीवर पोचलेला असतो.

चौघांनी खेळायच्या 'कमांडर' या प्रकारात २३ सप्टेंबर २०२४ रोजी हे पान बंद झालं. त्याच दिवशी ज्वेल्ड लोटस, डॉकसाइड एक्सटॉर्शनिस्ट आणि नादू अशी आणखी तीन पानं गेली. त्यातलं ज्वेल्ड लोटस तर खेळ काढणाऱ्या कंपनीने २०२०मध्ये खास कमांडरसाठीच छापलं होतं. निर्णय घेणारी समिती खेळाडूंचीच, बिनपगारी. तिच्या सदस्यांना इतक्या धमक्या आल्या की आठवड्याच्या आत, ३० सप्टेंबरला, हा सगळा कारभार कंपनीकडे गेला. कागदाच्या तुकड्यांसाठी माणसं जिवावर उठण्याची भाषा करतात हे ऐकून मी हसलो. भाचा हसला नाही. त्याच्या पगाराचा चांगला लचका त्या चौकटीत अडकला होता.

"बंदी उठवायलाच पाहिजे," तो म्हणाला आणि कारणं सांगू लागला. त्याच्या पुण्यातल्या मित्राचं म्हणणं नेमकं उलट, तेही त्याने मित्राच्या आवाजात सांगितलं. पान महाग, ज्याच्याकडे आहे तो जिंकणार, मग बाकीच्यांनी कशाला बसायचं? बाहेर पागोळ्या, आत हा वाद, आणि मला सारखं वाटत होतं की हे मी ऐकलेलं आहे. याच सोप्यावर, असल्याच पावसात.

आमच्याकडे तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते होते. नव्वदीच्या दशकात ज्याचं बालपण गेलं त्याला समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की प्रत्येक पानावर एका अमेरिकन पैलवानाचा फोटो, खाली रँक, उंची, वजन, छाती, दंड, किती कुस्त्या खेळला, किती जिंकला. दोघांनी आपापल्या गठ्ठ्यातलं वरचं पान घ्यायचं. ज्याची पाळी तो म्हणणार "वजन!" आणि ज्याचं वजन जास्त तो दोन्ही पानं खिशात घालणार. पुढची हाकही त्याचीच. रँक तेवढी उलटी, कमी ती भारी. हे पैलवान कुठल्या गावचे, कसे लढतात, आम्हाला पत्ता नव्हता. केबल मलकापुरात कुणाकुणाकडे होती, वाडीवर नव्हती. तरी अंडरटेकरची उंची, योकोझुनाचं वजन आम्हाला पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ होतं.

आमचा नियम कडक होता : हरलेलं पान परत नाही. (मॅजिकमध्येही सुरुवातीला अशी पैज असे, पान पणाला लावायचं. पुढे पैजेचा उल्लेख असलेली पानंच त्यांनी बाद केली. पोरांच्या आया सगळ्या जगात सारख्याच असाव्यात.)

एका मे महिन्यात मुंबईहून एक पोरगा आला आणि तो गावातच राहिला. वडील तिकडे नोकरीला, आई आणि तो इकडे. आमच्या तालुक्यात अशी अर्धीमुर्धी घरं चिक्कार. त्याच्या कॅटची पानं जाड, गुळगुळीत, आणि त्यात एक पान होतं जे आमच्या दुकानातल्या कॅटमध्ये येतच नव्हतं : जायंट गोन्झालेस. उंची आठ फूट.

पुढे कळलं की हा अर्जेंटिनाचा बास्केटबॉलपटू, १९९३च्या रेसलमेनियात अंडरटेकरशी लढला आणि त्याची खरी उंची आठ फुटांपेक्षा चांगलीच कमी होती. छापणाऱ्यांनी वाढवून सांगितली, एवढंच. पण आम्ही छापलेल्यावर विश्वास ठेवणारी पोरं. त्याच्या पाळीला ते पान वर आलं की तो शांतपणे "उंची" म्हणायचा. आठवड्याभरात चौघांचे बरे पैलवान त्याच्या खिशात. माझा अंडरटेकर गेला त्या संध्याकाळी मी ठराव मांडला : गोन्झालेस बंद. पाच हात वर गेले. तो एकटा "रडीचा डाव" म्हणत राहिला, आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं.

बंदी घालायला एक संध्याकाळ पुरली. ती उठवायचा वाद दोन पावसाळे चालला.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं, पण बंदी घालताना प्रत्येकाच्या डोक्यात आपलं गेलेलं पान ताजं असतं. ती रागाच्या बळावर होते. उठवायची म्हटली की राग कुणालाच आलेला नसतो, फक्त एकाला हौस असते, आणि बाकीच्यांना "आहे ते बरं चाललंय की" एवढं वाटत असतं. पुढच्या वर्षी मलकापूरच्या दुकानात नवे कॅट आले, त्यात आमच्याकडेही बडी बडी धेंडं आली. गोन्झालेसला आता आजूबाजूला तोलाचे लोक होते. तरी तो बंदच. का, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं : "पहिल्यापास्नं बंद हाय." पहिल्यापासून म्हणजे गेल्या आषाढापासून!

भाच्याने सांगितलेल्या एका गोष्टीवर म्हणूनच मी अडलो. मॅजिकच्या 'मॉडर्न' या प्रकारात जेस, द माइंड स्कल्प्टर हे पान तो प्रकार २०११मध्ये सुरू झाला तेव्हापासून बंद होतं. फेब्रुवारी २०१८मध्ये ते खुलं केलं. आता सगळा खेळ हेच खाणार, अशी ओरड झाली. झालं काहीच नाही. सात वर्षांत बाकीचा खेळ इतका वेगवान झाला होता की बिचारा जेस दारात उभा राहून आत कुणी ओळखीचं दिसतंय का पाहत राहिला. उलटंही घडलंय. गोल्गारी ग्रेव्ह-ट्रोलला जानेवारी २०१५मध्ये सोडलं आणि दोन वर्षांनी पुन्हा आत टाकलं. आणि सगळ्यात मासलेवाईक प्रकार अलीकडचा. १६ डिसेंबर २०२४ला मॉडर्नमध्ये चार पानं एकदम मोकळी केली, त्यातलं एक मॉक्स ओपल. ते ज्या डावात शिरलं तो डाव इतका वरचढ झाला की २०२५च्या मार्चअखेर बंदी आली, पण मॉक्स ओपलवर नाही, त्याच डावातल्या अंडरवर्ल्ड ब्रीचवर. एक पाहुणा घरात घेतला आणि जुन्या भाडेकरूला खोली सोडावी लागली.

ती तारीख ऐकून मी चमकलो. १६ डिसेंबर आमच्याकडे दुसऱ्याच कारणाने लक्षात आहे. कोल्हापूर जिल्ह्यात 'बंदी उठली' एवढंच म्हटलं तर माणसं पत्त्यांचा विचार करणार नाहीत, बैलगाडी शर्यतींचा करतील. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ला अटी घालून परवानगी दिली, २०२३च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. त्या सात वर्षांत चहाच्या टपरीवर मी जेवढे कायदेपंडित पाहिले तेवढे कोर्टाच्या आवारात नसतील. पण ही तुलना मी पुढे रेटत नाही. तिथे प्रश्न बैलाच्या ताकदीचा नव्हता, त्याच्या हालांचा होता. कागदाच्या पैलवानाला चाबूक लागत नाही.

आमच्या गोन्झालेसचा निकाल लावला तो शेजारच्या आबांनी. तरुणपणी तालमीत काढलेली वर्षं त्यांच्या मोडलेल्या कानांत दिसायची. रोपलागण चालू होती, इरलं भिंतीला टेकवून ते घटकाभर सोप्यावर बसले होते. आमचा आरडाओरडा त्यांनी बराच वेळ ऐकला. मग म्हणाले, "आरं, पैलवान उंच हाय म्हणून कोण मैदानातनं हाकलून देतंय व्हय? त्येची जोड हुडका की."

हे वाक्य मी तीस वर्षं बाळगलंय. मैदानातल्या कुस्तीचा हा जुना कायदा आहे. कोल्हापूरच्या खासबागेपासून कुठल्याही वाडीच्या यात्रेपर्यंत कुस्ती लागण्याआधी खरं काम होतं ते जोड लावण्याचं. पंच दोन पोरांना शेजारी उभं करतात, खांदे बघतात, कोण कुठल्या तालमीचा विचारतात आणि मग आखाड्यात सोडतात. तोलामोलाची जोड नसेल तर लोक त्या भारी पैलवानाला नव्हे, जोड लावणाऱ्याला शिव्या घालतात. जिथे जोड लावणारं कुणी नसतं तिथेच बंदी लागते. अनोळखी चौघे एका टेबलावर बसले, कुणाच्या डबीत काय आहे कुणालाच ठाऊक नाही, अशा ठिकाणी बलाढ्य पान बंद करण्यावाचून दुसरा उपाय दिसत नाही. ती आळशी पद्धत आहे असं माझं मत, पण गर्दीत आळशी पद्धतीच टिकतात हेही मला दिसतं.

लहानपणच्या खेळांत आपल्याकडे याची उलटी सोय होती. दांडग्या पोराला बाहेर काढायचं नाही, धाकट्याला लिंबूटिंबू करायचं. तो खेळणार, पण त्याच्यावर राज्य नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात तर बळच फिरतं ठेवलेलं. एकशेवीस गोल पानं. दिवसा खेळायला बसलात तर रामाचा राजा ज्याच्या हातात त्याने सुरुवात करायची, रात्री बसलात तर कृष्णाचा ज्याच्याकडे त्याने. निम्म्या रंगांत राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी, उरलेल्या निम्म्यांत एक्का. ज्याने हे ठरवलं त्याला पानात बळ नसतं, बळ नियमात असतं, हे चांगलंच उमगलेलं होतं. कमांडरवाल्यांनीही २०२५मध्ये डावांच्या पाच पायऱ्या पाडून बघायला सुरुवात केली आहे. बसण्याआधी आपला कॅट कुठल्या पायरीचा ते सांगायचं. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे जोडच की! तो म्हणाला, पण लोक खोटं सांगतात. मी म्हटलं, यात्रेतही वय चोरतातच.

त्याचं माना क्रिप्ट सुटावं का? मला विचाराल तर ओळखीच्या चौघांत, चौघांनाही माहीत असताना, खुशाल टाकावं. अनोळखी टेबलावर मी त्या मित्राच्या बाजूने आहे. पानाला लागलेले पैसे हा सोडवण्याचा मुद्दा होऊ शकत नाही, मुंबईहून आलेल्या पोराचंही तेच म्हणणं होतं, "बाबांनी घेतलंय." त्याच्या बाबांनी घेतलं होतं म्हणूनच आमचे पाच हात वर गेले होते. उंचीचं निमित्त. आमच्यापैकी कुणाच्याही वडिलांना दादरच्या दुकानातून असला कॅट आणता आला नसता, हे त्या ठरावात कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिलं असतं तर बंदी इतकी लांबली नसती.

आबांच्या सांगण्यावरून आम्ही पहिल्यांदाच ते पान नीट वाचलं. दोन वर्षं उंचीच्या ओळीखाली कुणाची नजर गेली नव्हती. खाली जिंकलेल्या कुस्त्यांचा आकडा इतका किरकोळ होता की आमच्या कॅटमधला कुणीही फडतूस गडी त्याला चीत करू शकला असता. फक्त हाक आपली हवी. गोन्झालेस अजिंक्य नव्हता; त्याच्या मालकाच्या पाळीला अजिंक्य होता. ठराव पास झाला, यावेळी हात सहा.

"मग परत आल्यावर जिंकला का तो?" भाच्याने विचारलं.

दोन पावसाळे ते पान ट्रंकेत पडून होतं. शाहूवाडीतल्या ट्रंकेत. काढलं तेव्हा ओल पिऊन दुप्पट जाड झालं होतं, एका कोपऱ्याला बुरशीची नक्षी. गठ्ठ्यात कुठेही घाला, बाजूने बघितलं की कळायचं, तिसरं पान गोन्झालेस. त्याची पाळी असली की समोरचा "थांब, पिसूया" म्हणायचा, आपली असली की "जिंकल्या किती?" विचारायचा. तीन दिवसांत ते पान चार खिशांतून फिरलं. शेवटी त्या पोराने आपला पैलवान विकत परत घेतला, दोन पेरू देऊन, आणि रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवला. सकाळी पान सपाट झालं होतं, फोटोचा मात्र अर्धा चेहरा पाट्याला चिकटून राहिला.

भाच्याने चौकटीतलं माना क्रिप्ट उजेडाकडे धरून कडा तपासल्या, आणि म्हणाला, "स्लीव्ह घालायची होती."