झोपलेलं खातं

आमच्या धामणगाव बढेच्या शाळेत मी लेझीम खेळायचो. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, पोट सुटलं. परवा हेडमास्तर म्हणाले, “भाऊ, पोरायले लेझीम शिकवा ना!”

पंचवीस वर्षांपूर्वी सोडलेली कला शिकवायचा मला हक्क काय? बँकेत १० वर्षं न हललेल्या खात्याचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात; तरी वारस आला की मिळतात. इथे ठेव आमच्या दिवंगत गुरुजींची, वारस ही पोरं. मी मधला कारकून! दाबून ठेवली, तर अफरातफरच की.

राहिला गुडघ्यांचा प्रश्न. मुंबईत मनीष चौहानला बॅले शिकवणारे येहुदा माओर साठी ओलांडलेले होते. शिकवायला नजर लागते, असं स्वतःला बजावून मैदानात वाकलो.

उठवायला दोन वारस लागले.