पिंडासमोर दिलेला शब्द

महेश मांजरेकरांचा ‘काकस्पर्श’ मे २०१२मध्ये आला, तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण शाळेत असतील. नंतर कधीतरी टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहिला असेल, तर कावळा नक्की आठवत असेल. स्वातंत्र्याआधीचं कोकण. हरी दामल्यांचा धाकटा भाऊ महादेव लग्नाचा संसार धड सुरू होण्याआधीच जातो. मागे उरते उमा, जेमतेम वयात आलेली मुलगी. पिंडाला कावळा शिवत नाही. सगळे ताटकळतात. शेवटी हरी पुढे होतो, पिंडाजवळ काहीतरी पुटपुटतो आणि कावळा येतो. हरीने दिलेला शब्द असा असतो, की उमाला दुसऱ्या कुणाचाही स्पर्श होऊ देणार नाही.

हा शब्द उमाला पुढे कित्येक वर्षं ठाऊक नसतो.

उषा दातार यांच्या कथेवरचा हा सिनेमा. त्याबद्दल बोलताना बहुतेक जण हरीच्या त्यागाबद्दल बोलतात. त्यात चूक काही नाही. हरी चांगलाच माणूस आहे. उमाचं केशवपन करायला तो ठाम नकार देतो, गावाचा रोष ओढवून घेतो. पण मला या सिनेमात सतत एकच प्रश्न छळतो. हरीने दिलेल्या शब्दाची किंमत कोण मोजतं? थोडी हरी मोजतो, हे खरं. पण उरलेली सगळी उमा मोजते, आणि तिला कुणी विचारलेलंही नसतं. आपल्याकडे याला जुनी म्हण आहे : हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

वाईट माणसाने केलेला अन्याय चटकन ओळखू येतो. चांगल्या माणसाने, प्रेमापोटी, डोळ्यांत पाणी आणून केलेला अन्याय ओळखायला फार वेळ लागतो. कधीकधी तर ज्याच्यावर तो होतो, त्यालाही तो उपकारच वाटतो.

हे सगळं मी सिनेमापुरतं लिहिलं असतं, तर सोपं होतं.

मी शहाडची. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालात, की पहिलं स्टेशन. बिर्लांनी बांधलेल्या विठ्ठल मंदिरामुळे आमचं गाव बाहेरच्यांना माहीत असतं, आणि उल्हास नदी तर आमच्या शेजारचीच. माझा चुलत भाऊ एप्रिल २०२१मध्ये, कोविडमध्ये गेला. वहिनी तेव्हा सव्वीस वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा. दहाव्याला नदीकाठी मोजकी माणसं होती, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मी होते. वहिनी मुलाला घेऊन घरी होती. कावळे झाडावर बसून होते, खाली उतरत नव्हते. आवडीचं जेवण ठेवून झालं, हात जोडून झाले. मग काका पुढे झाले आणि म्हणाले, “बाळा, काळजी करू नकोस. सूनबाईला आणि पोराला मी सांभाळीन. ती याच घरची सून म्हणून राहील.” थोड्या वेळाने कावळा आला. काका मटकन खाली बसले आणि पहिल्यांदा रडले.

त्यानंतर काकांनी शब्द पाळला. वहिनीला लॅब टेक्निशियनचा कोर्स करायला लावला, फी स्वतः भरली. नातवाला शाळेत सोडणं-आणणं अजून तेच करतात. वहिनी आता बदलापूरच्या एका लॅबमध्ये नोकरी करते. गेल्या वर्षी तिने घरात सांगितलं, की ओळखीतल्या एकाशी लग्न करायचा विचार आहे. आरडाओरडा झाला नाही. काका फक्त म्हणाले, “मी पोराला शब्द दिलाय,” आणि ताटावरून उठले.

काकांच्या त्या शब्दात खरं तर दोन शब्द आहेत. ‘मी सांभाळीन’ हा पहिला. तो काकांचा स्वतःचा आहे; त्यात त्यांचे पैसे, त्यांचे कष्ट, त्यांची झोप खर्ची पडते. तो देण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता आणि त्यांनी तो जिवापाड पाळला. ‘ती राहील’ हा दुसरा. त्यात खर्ची पडतं ते वहिनीचं आयुष्य. दोन्ही वाक्यं एका दमात, एकाच गहिवरात निघाली म्हणून ती एकाच तोलाची होत नाहीत.

यावर एक आक्षेप येतोच : पण गेलेल्याची इच्छा? तिला काहीच मान नाही? आहे. गेलेल्याचं देणं आपण फेडतो, त्याच्या म्हाताऱ्या आईला बघतो, आणि ते योग्यच आहे. पण माझा भाऊ जिवंत असताना वहिनीला म्हणाला असता, की मी असो-नसो, तू कायम माझ्याच नावाने जगायचंस, तर ते तिच्यावर बंधनकारक ठरलं असतं का? नसतं. मग जो हक्क जिवंतपणी नव्हता, तो मरणाने कसा मिळेल? आणि ही त्याची इच्छा होती, हे तरी कुणी ठरवलं? वहिनी मला एकदा म्हणाली, “तुझ्या भावाला माझ्याकडून काय हवं होतं, ते तुम्ही कावळ्याला विचारलंत. मला कुणी विचारलंच नाही गं.”

तरुण बाईचं दुःख नेहमीच असं चारचौघांचं होऊन बसतं. ‘पगलैट’ हा २०२१चा हिंदी सिनेमा आठवा. लग्नाला पाच महिने झालेत, नवरा गेलाय आणि सान्या मल्होत्राच्या संध्याला रडूच येत नाही. तिला भूक लागते. घरभर कुजबुज. रडली नाही तर पंचाईत, आणि रडणं थांबवलं तरी पंचाईत. दुःख किती करायचं, किती दिवस, कोणत्या साडीत, हे बाकीचे ठरवणार. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मोठी गोष्ट होती ती. पण पिंडासमोर पुटपुटलेल्या शब्दावर कुठली ग्रामपंचायत ठराव करणार?

आमच्या शेजारच्या उल्हासनगरकडे बघते, तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ही छावणी; १९४९मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. अजूनही पत्ता सांगताना लोक कॅम्प एक, कॅम्प चार असंच सांगतात. घरदार, जमीन, गाव, सगळं गेलेल्या त्या माणसांनी इथे दुकानं थाटली, कारखाने काढले, मुलांची लग्नं लावली. म्हणून ते सिंध विसरले, असं कुणी म्हणत नाही. उलट त्यांच्या जिद्दीचं कौतुक होतं. मग एका बाईने पुन्हा संसार मांडला, तर ती पहिल्याला विसरली, असं का होतं?

कोकणातलंच एक खरं उदाहरणही आहे. मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३मध्ये गोदूबाई या बालविधवेशी लग्न केलं. विधवाविवाहाचा कायदा १८५६मध्येच झाला होता, तरी गावाने त्यांना वाळीत टाकलं. पुढे गोदूबाईंनी, म्हणजे आनंदीबाई कर्व्यांनी, स्वतःची हकीकत स्वतः सांगितली. ‘माझे पुराण’ हे त्यांचं आत्मचरित्र. उमाला मरेपर्यंत जे मिळालं नाही, ते हेच : आपल्याबद्दल आपण बोलायची संधी.

काकांना मी यातलं काहीच सांगितलं नाही. कर्वे आणि कायदा सांगून त्यांचं मन वळणार नव्हतं. मागच्या रविवारी फक्त विचारलं, “काका, त्या दिवशी कावळा आलाच नसता तर?”

“तर काय, गुरुजींनी दर्भाचा केला असता,” ते म्हणाले. “थांबून किती थांबणार?”

आणि मग बराच वेळ गप्प बसले. लग्नाला त्यांनी अजून होकार दिलेला नाही. उठताना एवढंच म्हणाले, की पोरगा कुठेही राहिला तरी त्याच्या शाळेची फी मीच भरणार.