डावा पाय सुधार, मग गाडीला नावं ठेव

बस समोर. आणि पहिले ते ‘सर, क्लचच खराब आहे’ हे पालुपद बंद कर. तुझ्या बाबांनी गाडी माझ्याकडे आणून दिली होती. शहापूरहून ठाणा पेट्रोल पंपापर्यंत नेली, परत आणली. एक झटका नाही. क्लच जिथे पकडायला हवा तिथेच पकडतो, गिअर बोटांनी पडतो. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण तुझ्या आजीला पाठ असेल. तू ती तिच्यावरच खरी करून दाखवलीस. म्हातारीच्या मांडीवर पाटोडीच्या रश्श्याचा डबा, आणि तू फर्स्टवरून सेकंड टाकताना असा हिसका दिलास की रस्सा लुगड्यावर. ती काही बोलली नाही. नातू गाडी चालवतो याचंच तिला कौतुक. मी तुझी आजी नाही.

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस ना? फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि दोघांच्या मध्ये क्लच प्लेट, ही आकृती पट्टीनं रेषा मारून पेपरात काढलीस. मार्कही घेतलेस. मग मला सांग, उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला सात-आठशे फेरे मारतंय आणि चाकं जागची हलत नाहीत. या दोघांची गाठ कोण घालून देतं? ती प्लेट. थोडी घसरत, थोडी पकडत ती चाकांना इंजिनाच्या चालीवर आणते. त्यासाठी तिला दोन क्षण लागतात, आणि ते द्यायचे तुझ्या डाव्या पायानं. तू देतच नाहीस. पेडलखाली विंचू दिसल्यासारखा पाय उचलतोस. मग एक तर गाडी उडी मारते, नाही तर इंजिन गप्प. यात गाडीचा काय दोष?

परवा हायवेच्या कटवर काय झालं ते मी चहाच्या टपरीवरून पाहत होतो. तुला वाटलं कोणी पाहिलं नाही. हा राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे, बाप्पा. जुने लोक अजून सहा नंबरच म्हणतात. गुजरातेतल्या हजिऱ्यापासून ओडिशाच्या पारादीप बंदरापर्यंत जाणारा रस्ता आपल्या गावापुढून जातो. भरलेला ट्रेलर शहापूरचा पोरगा आता लायसन्सवाला झाला म्हणून जागेवर थांबत नसतो. तू अर्धी गाडी रस्त्यात घातलीस, लांबून हॉर्न ऐकलास, घाबरलास आणि क्लच सोडून दिलास. गाडी बंद. इथवर समजू शकतो, शिकणाऱ्याची गाडी बंद पडतेच. पण पुढे? गिअर पहिल्यात तसाच, क्लचवर पाय नाही, आणि तू चावी फिरवलीस. स्टार्टरनं गाडी पुढे ढकलली, ती थेट ट्रकच्या लेनमध्ये. तो ड्रायव्हर सावध होता म्हणून आज तू इथे बसून माझं ऐकतो आहेस. गाडी बंद पडली की आधी ब्रेक, मग क्लच पूर्ण दाबायचा, मग चावी. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा तू मोबाईलवर गाण्याची यादी लावत होतास.

दुसरी खोड. गाडी एकदा चालायला लागली की तुझा डावा पाय क्लचवरच मुक्काम ठोकतो. ‘दाबत नाही सर, नुसता ठेवतो.’ काहून ठेवतोस? नुसता ठेवलेला पायही वजन टाकतो. तिकडे रिलीज बेअरिंग सतत घासत राहतं, प्लेटवरची पकड सैल होते, ती घसरते, तापते. वैनगंगेच्या पुलावर गाड्या तुंबल्या की तू ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरतोस आणि त्याला कसब समजतोस. तेव्हा जो जळका, खमंग वास येतो तो पुढच्या ट्रकचा नसतो, तुझ्याच प्लेटचा असतो. प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. ते बिल बाबा भरणार, कसब तुझं.

थांबतानाही तेच. पुढे स्पीडब्रेकर दिसला की आधी क्लच दाबून मोकळा होतोस. क्लच दाबलास की इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटला, म्हणजे जे इंजिन गाडीला मागून धरून ठेवत होतं ते तू स्वतःच सोडवलंस. आधी ब्रेक, गाडी थांबायला आली, इंजिन थरथरायला लागलं की मग क्लच. आणि उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची ती शहाणपणाची गोष्ट कोणाकडून ऐकलीस? आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना एक्सलेटरवरचा पाय काढला की उतारावर पेट्रोल जवळपास तोडूनच टाकतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. म्हणजे तेल जास्त आणि ताबा कमी.

धानाच्या ट्रॉलीमागे तू तिसऱ्या गिअरात कण्हत कण्हत गाडी ओढतोस, ते तर ऐकवत नाही. इंजिन ठकठक करून सांगतं की खालचा गिअर दे. पण तुझ्या कानात गाणं.

आता म्हणे ऑटोमॅटिक घेऊ, बाबा. २०१४ साली मारुतीनं सेलेरियोत जो स्वस्त ऑटोमॅटिक गिअर आणला, त्यातही क्लच प्लेट आहेच. फक्त क्लच दाबायचं काम पायाऐवजी यंत्र करतं. तुझा पाय जे शिकायला तयार नाही ते यंत्र शिकून बसलं. घ्यायची तर घ्या, पैसा तुमचा. पण आपल्याकडे चारचाकीच्या लायसन्सवर गिअरची आणि बिनगिअरची अशी वेगळी वाटणी नाही. उद्या रात्री शेजाऱ्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायचं आणि हाताशी गिअरवालीच गाडी असली, तर काय सांगशील त्याला?

लायसन्सचं म्हणशील तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा पंधरावा नियम काढून वाच. त्यात लिहिलंय की चालवणाऱ्याला चढावर गाडी थांबवून, ती मागे न सरकवता, हँडब्रेकचा नीट वापर करून पुन्हा काढता आली पाहिजे. गरज पडेल तसा झटपट खालचा गिअर टाकता आला पाहिजे. ट्रायलच्या दिवशी तुला जमलं असेल. परवा चढावर तू किती मागे आलास? मागच्या स्कूटीवाल्या बाईनं दोन्ही पाय टेकून गाडी मागे ओढली आणि तू आरशात बघितलंही नाहीस. पोट्ट्या, लायसन्सवर तुझा फोटो आहे म्हणून हात-पाय आपोआप शिकत नाहीत.

उद्या सकाळी सहाला ये, रस्ता मोकळा असतो तेव्हा. चप्पल घालून आलास तर परत पाठवीन, बूट घाल. मोबाईल घरी. एक्सलेटरला पाय लावू देणार नाही. सपाट जागेवर टाच जमिनीला टेकवून, नुसत्या क्लचवर गाडी हलवायची. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलतं, तिथे पाय रोखायचा. गाडी सरकू लागेपर्यंत रोखायचा, मग सावकाश सोडायचा. ते सलग जमल्याशिवाय दुसरा गिअर नाही, आणि दुसरा नीट पडल्याशिवाय हायवे नाही. तोवर गाडीची चावी माझ्याकडे राहील. तुझ्या बाबांशी बोलणं झालेलं आहे.