शब्दप्रमाण आणि आकाशमार्ग

मनुष्याच्या ज्ञानाचा फार मोठा भाग ऐकीव असतो. आपली जन्मतिथी आपण वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून मानतो. आपले पूर्वज कोणत्या पिढीत घाट उतरून या तापीकाठी स्थिरावले, हेही आपल्याला कोणीतरी सांगितलेले असते. आपण ते पाहिलेले नसते. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या पंक्तीला ‘शब्द’ हे चौथे प्रमाण बसविले, ते या वस्तुस्थितीची दखल घेऊनच. मात्र कोणाचाही शब्द प्रमाण नव्हे. आप्ताचा शब्द प्रमाण. आप्त कोणास म्हणावे, हे सांगताना भाष्यकार वात्स्यायनाने दोन अटी घातल्या आहेत. बोलणाऱ्याने ती गोष्ट स्वतः यथार्थ जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. एक अट ज्ञानाची, दुसरी हेतूची.

हा विचार केवळ पाठशाळेतील वादापुरता राहिलेला नाही. देशाच्या आकाशात विमानांचा माग कसा ठेवावा, या अगदी आजच्या नियोजनाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते. आमचे आयुष्य राज्य शासनाच्या सेवेत, म्हणजे लोकांनी सांगितलेले ऐकण्यात आणि त्याची शहानिशा करण्यात गेले. त्यामुळे या तांत्रिक विषयाकडेही आम्ही नीतीच्या अंगाने पाहतो.

प्रथम विषय समजून घेऊ. विमानाचा माग घेण्याच्या मुख्यतः तीन रीती आहेत. जुने, प्राथमिक रडार जमिनीवरून रेडिओलहरी सोडते; त्या विमानावर आपटून परततात आणि त्यावरून विमानाचे ठिकाण कळते. विमानाने काहीच सांगावे लागत नाही. काटेकोर नैयायिक यालाही अनुमान म्हणेल, पण तूर्त आपण ते प्रत्यक्षात जमा करू. दुसरे, दुय्यम रडार विमानाला प्रश्न विचारते आणि विमानातील ट्रान्सपाँडर हे यंत्र आपली ओळख व उंची कळविते. तिसरी रीत अलीकडची. तिचे संक्षिप्त नाव एडीएस-बी. तीत विमान उपग्रहांच्या संकेतांवरून आपले स्थान स्वतःच काढते आणि कोणी विचारो वा न विचारो, साधारणतः सेकंदाला दोनदा ते चहूकडे प्रसारित करीत राहते. जमिनीवरील ग्राहकयंत्राने ते केवळ ऐकायचे. हे निव्वळ शब्दप्रमाण झाले.

केवळ तोंडी शब्दावर विसंबण्याची किंमत या देशाने मोजली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे अशी दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे प्राणांस मुकली. दिल्लीच्या नियंत्रकासमोरील प्राथमिक रडारवर विमाने कोठे आहेत ते दिसत होते. किती उंचीवर आहेत ते दिसत नव्हते. उंची म्हणजे वैमानिक सांगेल तीच. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्याची आज्ञा होती. ते त्याच्या खाली उतरले, आणि समोरून सौदी विमान १४,००० फुटांवर येत होते. उंची दाखविणारे दुय्यम रडार दिल्लीत अद्याप कार्यान्वित व्हायचे होते. नियंत्रकाने आपले काम नियमाप्रमाणे केले होते. पण मिळालेला शब्द पडताळून पाहण्याचे साधनच त्याच्या हाती नव्हते. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर दिल्लीस येणाऱ्या आणि तेथून जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि टक्कर टाळणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले.

असे असूनही नव्या रीतीचे आकर्षण खरे आहे आणि सकारण आहे. भारताच्या जबाबदारीत सुमारे २८ लाख चौरस सागरी मैलांचे हवाई क्षेत्र येते; त्यांपैकी सुमारे १७ लाख समुद्रावर आहे. समुद्रात रडार उभारता येत नाही, आणि डोंगराआडचे त्याला दिसत नाही. एडीएस-बीचे ग्राहकयंत्र रडारच्या मानाने फार स्वस्त पडते. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने पहिल्या टप्प्यात २१ ठिकाणी अशी यंत्रे बसविली. त्याच प्राधिकरणाने इस्रोच्या सहकार्याने ‘गगन’ ही व्यवस्था उभी केली. जीपीएसच्या संकेतांतील चुका भूस्थानकांवर मोजायच्या आणि त्यांची दुरुस्ती आपल्या जीसॅट उपग्रहांमार्फत विमानांना कळवायची, हे तिचे काम. तिच्या आधारे २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगढच्या धावपट्टीवर एक प्रवासी विमान उतरविण्यात आले, आणि लहान विमानतळांसाठी एक दार उघडले. जगही याच दिशेने गेले आहे. ऑस्ट्रेलियाने उंचावरून उडणाऱ्या विमानांना २०१३ च्या डिसेंबरपासून, तर अमेरिकेने आपल्या बहुतेक नियंत्रित आकाशात १ जानेवारी २०२० पासून एडीएस-बी सक्तीचे केले. इरिडियमच्या उपग्रहांवर बसविलेली ग्राहकयंत्रे तर २०१९ पासून महासागरांवरील विमानांचे शब्दही टिपू लागली. सूरतहून शारजास जाणारी विमानसेवा त्याच वर्षी सुरू झाली. त्या विमानाची वाट बव्हंशी अरबी समुद्रावरून जाते, आणि त्यात आपल्याच घरची माणसे बसलेली असतात.

मग नियोजन करणाऱ्यापुढे साहजिकच एक मोह उभा राहतो. विमान स्वतःच आपले स्थान इतक्या अचूकपणे सांगत असेल, तर महागडी रडारे आणि जमिनीवरील जुनी दिशादर्शक यंत्रे कशासाठी पोसायची? शब्द मिळत असता प्रत्यक्षाचा खर्च का करायचा? हिशेबाच्या वहीत या प्रश्नाला उत्तर नाही. त्यासाठी वात्स्यायनाच्या दोन अटींकडेच परतावे लागते.

दुसरी अट हेतूची. ज्याला सांगायचे नाही, तो गप्प बसतो. ८ मार्च २०१४ च्या पहाटे क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेल्या मलेशियाच्या विमानातील ट्रान्सपाँडर बंद झाले. विमान बोलेनासे झाले, आणि नागरी नियंत्रकांच्या पडद्यावरून २३९ माणसे नाहीशी झाली. ते विमान मागे वळून पश्चिमेकडे गेले, हे नंतर कळले ते लष्कराच्या प्राथमिक रडारच्या नोंदींवरून, म्हणजे विमानाच्या शब्दाची वाट न पाहणाऱ्या डोळ्यामुळे. आणि काही जण तर मुळात बोलतच नाहीत. ६ नोव्हेंबर २०१४ रोजी आपल्या सूरतच्या धावपट्टीवर उड्डाणाच्या वेगात असलेल्या विमानाला एक म्हैस धडकली, हे वाचकांस स्मरत असेल. प्रवासी बचावले. त्या प्रसंगाची पुष्कळ थट्टा झाली, पण त्यातील बोध थट्टेचा नाही. म्हैस आपले स्थान प्रसारित करीत नाही. जी व्यवस्था केवळ सांगणाऱ्याचे ऐकते, तिच्या लेखी न सांगणारा अस्तित्वातच नसतो.

पहिली अट ज्ञानाची, आणि ती मोडते तेव्हा संकट अधिक सूक्ष्म असते. उपग्रहाचा संकेत पृथ्वीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. त्याच्यासारखाच, पण अधिक जोरदार खोटा संकेत जमिनीवरून सोडला, तर विमानातील यंत्र त्यालाच खरा मानते. याला स्पूफिंग म्हणतात. २०२३ च्या उत्तरार्धापासून पश्चिम आशियाच्या आकाशात हे प्रकार वाढले. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर व जम्मूच्या परिसरात, उपग्रहसंकेतांत हस्तक्षेपाच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर खुद्द दिल्लीच्या परिसरात असे प्रकार आढळले. अशा वेळी विमान काय करते? ते फसलेले असते, आणि आपल्या भ्रमातले स्थान अत्यंत प्रामाणिकपणे, सेकंदाला दोनदा, जगाला सांगत राहते. त्याच्या हेतूत तिळमात्र खोट नसते. तरीही त्याचा शब्द असत्य असतो.

येथे आपल्या नीतिविचारातील एक जुना गोंधळ उघडा पडतो. आपण प्रामाणिकपणा आणि सत्य हे एकच समजतो. ‘माणूस सच्चा आहे’ एवढे म्हटले की त्याचे म्हणणेही खरे ठरल्यासारखे आपल्याला वाटते. वस्तुतः प्रामाणिकपणा हा सांगणाऱ्याचा गुण आहे आणि सत्य हा सांगितलेल्या गोष्टीचा. पहिल्यावरून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही.

आमच्या तत्त्वज्ञांत यावर मोठा वाद झाला आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान हे स्वतःच प्रमाण असते. ते खोटे ठरेपर्यंत खरेच धरावे. नैयायिक म्हणतात, ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून ठरते. ते पडताळावे लागते. आमच्या मते दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी योग्य आहे. नित्याचा व्यवहार मीमांसकाच्या रीतीनेच चालतो. प्रत्येक शब्दावर अडून बसलो तर एकही विमान उडणार नाही. परंतु व्यवस्था उभी करणाऱ्याने नैयायिक असले पाहिजे. वैमानिकाने आणि नियंत्रकाने विश्वासाने काम करावे, यासाठी आधी कोणीतरी अविश्वासाने विचार करून ठेवलेला असावा लागतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. पडताळणी हा सांगणाऱ्याचा अपमान नव्हे काय? शासकीय सेवेत आम्ही हा अपमान जवळून पाहिला आहे. सच्च्या नकलेवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही मिळावी म्हणून खेड्यापाड्यांतील मुले दिवसाची मजुरी बुडवून कचेरीच्या पायऱ्यांवर बसून असत. २०१४ च्या सुमारास केंद्र शासनाने स्वसाक्षांकन मान्य केले, तेव्हा नागरिकाच्या शब्दाला उशिरा का होईना प्रतिष्ठा मिळाली. आम्हां निवृत्तांस आजही दरवर्षी आपण हयात असल्याचे सिद्ध करावे लागते. समोर उभे राहून ‘जिवंत आहे’ म्हटलेले पुरत नाही! अशी पडताळणी मनुष्याला लहान करते, हे आम्ही मान्य करतो.

परंतु पडताळणीच्याही दोन जाती आहेत. एकीत संशय घेणारा खुर्चीवर बसून राहतो आणि सारे ओझे सांगणाऱ्याने वाहायचे असते. दुसरीत पाहणारा स्वतः कष्ट घेऊन पाहतो. सांगणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही, आणि नियम सर्वांना सारखा असतो. रडार या दुसऱ्या जातीचे आहे. सूरतच्या सराफांना हा भेद ठाऊक होता. या शहराच्या हुंड्या दूरदूरच्या पेठांतून वटत; त्या काळी सराफाच्या शब्दाएवढी दुसरी पत नव्हती. तरीही हुंडी लिहिणारी पेढी तिची खबर देणारे पत्र पैसे देणाऱ्या पेढीकडे स्वतंत्रपणे धाडीत असे, आणि शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहाच्याच हाती पडत. यात कोणाचाही अपमान नव्हता. उलट, पडताळणी रीतीतच मुरलेली असल्यामुळे विश्वास टिकून राहत असे.

मात्र दुसरा साक्षीदार स्वतंत्र हवा. महाभारतातील द्रोणाचार्यांनी भीमाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. अश्वत्थामा मेला की नाही, हे त्यांनी धर्मराजास विचारले. पडताळणी केली, पण ज्याला विचारले तोही त्याच छावणीतला होता. आकाशातही हेच होऊ शकते. जीपीएस, तिच्या चुका दुरुस्त करणारे ‘गगन’ आणि त्यावर आधारलेले एडीएस-बी हे तिघे अखेर एकाच छावणीतले साक्षीदार आहेत. तिघांचे एकमत झाले, म्हणजे तीन साक्षी झाल्या असे नव्हे. जमिनीवरून स्वतःच्या डोळ्याने पाहणारा चौथा लागतो. एकच संदेश अनेक स्थानकांवर किती वेळाच्या फरकाने पोहोचला, हे ताडून विमानाची खरी जागा काढण्याची रीतही उपलब्ध आहे. एडीएस-बीच्या संदेशात स्थानाबरोबरच, ते स्थान कितपत खात्रीचे आहे याचाही निर्देश असतो. आपल्या अज्ञानाची मर्यादा सांगून बोलणारा साक्षीदार मनुष्यांत विरळा. तथापि फसलेल्या साक्षीदाराची खात्रीही फसलेलीच असू शकते.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, चूक झाल्यास जिथे केवळ सांगणाऱ्याचे नुकसान होते, तिथे त्याच्या शब्दावर सोडून द्यावे. जिथे चुकीचे फळ तिसऱ्याच, न विचारलेल्या माणसांना भोगावे लागते, तिथे पडताळणी हे कर्तव्य आहे. मग बोलणारा कितीही सज्जन असो. विमानात बसलेल्या प्रवाशाला कोणती यंत्रे ठेवावीत आणि कोणती मोडीत काढावीत, हे कोणी विचारलेले नसते. त्याच्या वतीने विचारणे हे नियोजकाचे काम. अमेरिकेने नवी व्यवस्था सक्तीची करतानाच रडार आणि जुन्या दिशादर्शक केंद्रांचे एक किमान जाळे मुद्दाम राखून ठेवले. आपल्या राष्ट्रीय योजनेतही असे जाळे ‘उरलेसुरले’ म्हणून नको. त्याच्या स्वतंत्र शीर्षाखाली कायमची तरतूद असावी. पुढे एखादा काटकसरी अधिकारी त्या रकमेवर लाल रेघ ओढू पाहील, तेव्हा त्याला चरखी दादरीची संध्याकाळ आठवून देणारी एक टीप त्या शीर्षाखाली लिहून ठेवावी.