अवलंबित

सरकारी कागदपत्रांतील काही शब्द इतके सरावाचे होतात की त्यांच्या अर्थाकडे पाहण्याची गरज कोणाला भासत नाही. ‘अवलंबित’ हा त्यांपैकीच एक. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत आईवडिलांची नावे घालावयाची झाली, की प्रथम त्यांचे उत्पन्न पाहिले जाते. सातव्या वेतन आयोगानंतर ह्यासाठी दरमहा 9000 रुपये व त्यावरील महागाई भत्ता अशी मर्यादा ठरली. उत्पन्न त्या मर्यादेत असले, की आईवडील मुलावर अवलंबित ठरतात. फाइलीपुरता हा हिशेब योग्यच आहे. परंतु घरात कोण कोणावर अवलंबून असते, हा प्रश्न त्याने सुटत नाही. महाराष्ट्रापासून दूर बदलीच्या गावी संसार मांडणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरी तर तो रोज दुपारी नव्याने उभा राहतो.

दिल्लीतील सरोजिनी नगरचेच उदाहरण घ्यावे. पूर्वीचे विनय नगर ते हेच. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसवलेल्या ह्या वसाहतीच्या पुनर्बांधणीचा निर्णय मंत्रिमंडळाने 2016 साली घेतला आणि जुन्या क्वार्टर्सच्या जागी उंच इमारती आल्या. परंतु दुपारचा क्रम फारसा बदललेला नाही. मुलगा आणि सून कार्यालयात असतात, नातू शाळेतून परतलेला असतो, आणि गोवा एक्स्प्रेसने साताऱ्याकडून आलेले आजोबा कानटोपी घालून त्याला बाहेर घेऊन निघतात. बाजाराच्या तोंडाशी शेंगा घ्यावयाच्या, कडुनिंबाखाली बसून त्या सोलावयाच्या, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहावयाचे. रविवारी कधी चाणक्यपुरीतील रेल्वे संग्रहालय गाठावयाचे. 1977 साली उघडलेल्या ह्या संग्रहालयात पतियाळा संस्थानची, मुख्यतः एकाच रुळावर भार ठेवून चालणारी गाडी आहे. ती पडत कशी नव्हती, ह्यावर आजोबा व नातू ह्यांची चर्चा घरी येईपर्यंत संपत नाही.

सोमवारी बाजारही बंद असतो आणि संग्रहालयही. तरी फेरफटका चुकत नाही. आम्हांला वाटते, ह्या फेरफटक्याचे खरे स्वरूप सोमवारीच कळते. आईबाप मुलाला घेऊन बाहेर पडतात ते बहुधा कामासाठी: गणवेश आणावयाचा असतो, डॉक्टरांकडे जावयाचे असते, केस कापावयाचे असतात. त्यांच्या प्रेमाला उद्याची चिंता चिकटलेली असते, आणि ते स्वाभाविकही आहे. आजोबांना नातवाला काहीही घडवावयाचे नसते. तो आज जसा आहे तसा त्यांना पुरेसा असतो. विसाव्यासाठीच माणूस कष्ट करतो, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे. आयुष्यभर कष्टलेल्या माणसाला हा विसावा कधी कधी दुपारी चार वाजता शेंगा सोलताना लाभतो.

आपल्या परंपरेने ह्या वयाचा विचार निराळ्या रीतीने केला आहे. अंगावर सुरकुत्या आल्या, केस पिकले आणि अपत्याचे अपत्य दृष्टीस पडले, की गृहस्थाने अरण्याची वाट धरावी, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. आमचे आजोबा नातवाचे मुख पाहून अरण्याऐवजी दिल्लीला येतात. ह्यात आज्ञाभंग झाला असे वरवर पाहता वाटेल. वस्तुतः वानप्रस्थाचा गाभा अधिकार सोडण्यात आहे असे मानले, तर तो येथेही पाळला जातो. कालपर्यंत ज्यांच्या शब्दावर घर चालत होते, ते आता मुलाच्या क्वार्टरमध्ये सुनेच्या वेळापत्रकाने राहतात. भाजीवाला त्यांना ‘बाबूजी’ म्हणतो. ते हेडमास्तर होते की मामलेदार, हे त्याला ठाऊक नसते. अधिकाराचे ओझे उतरल्यामुळेच त्यांना मुलाच्या चालीने चालता येते. हुद्द्यावरून ओळखल्या जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जवळून पाहण्यासारखे आहे.

तथापि येथेच एक नैतिक अडचण आहे. आजोबांच्या ह्या सुखावर आपला संसार चालतो. सरकारने 2008 पासून नोकरदार मातांना मुलांच्या संगोपनासाठी एकूण 730 दिवसांपर्यंत रजा देऊ केली. ती मोजली जाते, मंजूर होते, सेवापुस्तकात चढते. आजोबांचे दिवस कोठेच चढत नाहीत. सांभाळणारी बाई काम सोडून गेली आणि त्याच आठवड्यात गावाकडे तिकीट गेले, असे अनेक घरी घडते. मग फेरफटका हे सुख राहते, की बिनपगारी नोकरी होते? शिवाय तो रंगात आलेला असतो तेव्हा आजी बहुधा ओट्यापाशी असते. अरण्यात जाताना पत्नीला मुलांच्या हाती सोपवावे किंवा बरोबर न्यावे, असे दोन मार्ग मनूने दिले आहेत. आपल्या घरांनी पहिला सोयीचा मानलेला दिसतो.

आमच्या मते ह्याची कसोटी एकच आहे: नकार देता येतो काय? ‘आज गुडघे दुखतात, मी येत नाही’, किंवा ‘पुढच्या महिन्यात आम्ही घरी जातो’, हे वाक्य घराची घडी न विस्कटता उच्चारता आले, तर जे चालले आहे ते सुख. ते उच्चारण्यापूर्वी आजी-आजोबांना सुनेच्या रजेचा हिशेब करावा लागत असेल, तर ती सक्ती. मग ती कितीही गोड असो. आईवडिलांच्या निर्वाहासाठी 2007 साली कायदा झाला आणि त्यात सज्ञान नातवंडांवरही जबाबदारी टाकली गेली. परंतु कायदा निर्वाह देववू शकतो. नकाराची मोकळीक घरानेच द्यावी लागते.

ती देणे अशक्य नाही. मुलाला सांभाळण्याची पर्यायी व्यवस्था आजी-आजोबा येथे असतानाही चालू ठेवावी, म्हणजे त्यांची सोबत ही गरज न राहता देणगी राहील. परतीच्या तिकिटाची तारीख त्यांनीच ठरवावी. नातवाच्या मराठीचा भारही त्यांच्यावर टाकू नये. फेरफटक्याची शिकवणी केली, की दोघेही कंटाळतील. ज्या वस्तूला शेंगवाला ‘मूंगफली’ म्हणतो तिला आजोबा ‘शेंगा’ म्हणतात, एवढे नातवाला न शिकवताही कळते. आणि आठवड्यातून एखादी दुपार तरी ओटा बंद ठेवून आजीने त्या कडुनिंबाखाली बसावे.

आरोग्य योजनेच्या फाइलीतील शब्द बदलण्याची मागणी आम्ही करीत नाही. तेथे तो उपयोगाचा आहे. मात्र त्या अर्जावर सही करताना, ह्या घरात अवलंबित कोण, ह्याचे उत्तर ज्याने त्याने मनाशी एकदा खरे खरे द्यावे.